लाल अक्षरातला एच

आमच्या लॅबचं यंत्र फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, एका मर्यादेपलीकडे मोजत नाही, नुसतं '२००० पेक्षा जास्त' म्हणून मोकळं होतं. मग सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) दहापट पातळ करून पुन्हा लावायचं आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणायचं. त्या दिवशी उत्तर आलं २८६०.

पुरुष, वय ४६. फॉर्मवर 'संधिवात?' एवढंच. टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, इन्फेक्शन असेल." हा आमच्या धंद्यातला लाडका शेरा. सुजेने, दारूने, फॅटी लिव्हरने फेरिटिन वाढतं हे खरंच, पण म्हणून दिसेल तो आकडा त्याच पोत्यात कोंबायचा? सूज दाखवणारं सीआरपी नॉर्मल होतं. उरलेल्या सीरमवर लोह आणि टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते) लावलं: १९७ आणि २४०. म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते, ८२ टक्के. ४५ च्या वर गेलं की कान टवकारायचे असतात.

सवयीने जुनं रेकॉर्ड उघडलं. दोन वर्षांपूर्वी थकव्यासाठी केलेली तपासणी. हिमोग्लोबिन १५.४. सॅच्युरेशन ७६, शेजारी लाल अक्षरात 'एच', म्हणजे 'हाय'. खाली सही माझी.

मला तो रिपोर्ट आठवतही नाही. लोहाची तपासणी आम्ही एकाच दिशेने वाचतो, कमी आहे का? नाही ना, मग पुढचा.

त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. टॉनिक बंद ठेवून, काही दिवसांनी सकाळी उपाशीपोटी पुन्हा नमुना घ्यायचं ठरलं. हो, टॉनिक. थकवा जावा म्हणून हे गृहस्थ दोन वर्षं लोहाचं टॉनिक पीत होते! रक्त काढताना ताईंनी मूठ वळायला सांगितली, तर तर्जनी आणि मधलं बोट अर्ध्यावरच थांबलं. त्या दोन बोटांचे मुठीचे सांधे जाड झालेले, बाकीचे ठीक. लोह साचण्याच्या आजाराचं पुस्तकातलं हे चित्र मी हातावर पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्यांदाही सॅच्युरेशन ८० च्या आसपासच. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. आतड्यातून किती आत घ्यायचं हे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे हार्मोन ठरवतं. तेच अपुरं पडलं की लोह यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत साचत राहतं. हाच हिमोक्रोमॅटोसिस. एमआरआयमध्ये यकृतातलं लोह दिसलं. या आजारात आधी बघतात त्या एचएफई जनुकाची तपासणी मात्र निगेटिव्ह आली आणि फाइल जवळजवळ बंदच झाली. त्यातला सी२८२वाय हा बदल मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो. हिमोज्युव्हेलिनसारख्या दुसऱ्या जनुकांमुळेही हाच आजार होतो, हे मला दोनदा सांगावं लागलं. अशा बाकीच्या जनुकांचं मोठं पॅनेल आता तपासायला गेलंय.

तोवर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघून एक पिशवी रक्त काढतात. एका पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. "दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर पिशव्या कमी लागल्या असत्या का?" त्यांनी सहज विचारलं. मी 'हो' म्हणाले. सहीचं मात्र बोलले नाही.

काल त्यांच्या धाकट्या भावाचा नमुना आला. त्याला काहीच त्रास नाही. सॅच्युरेशन ६१. रिपोर्ट छापायच्या आधी फोन उचलला.