डरवेंट नकाशा, शीट ३: किर्कमची घळ झाली एकदाची

मंडळी, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या डरवेंट नदीचं मी हाताने काढतोय त्या नकाशाचं तिसरं शीट काल रात्री पुरं झालं, माल्टन ते किर्कम. ओएसचा (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० नकाशा खाली ठेवून ट्रेसिंग पेपरवर आधी नुसत्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढल्या, नदी सगळ्यात शेवटी, आणि ह्या नदीला तेच बरं पडतं.

कारण नुसती निळी रेघ बघून हिचं काही कळतच नाही. उगम फायलिंगडेल्स मूर ह्या उंच माळावर, समुद्र तिथून जवळच, पण ही निघते दक्षिणेला, फोर्ज व्हॅलीतून खाली उतरते आणि मग समुद्राकडे पाठ करून पिकरिंगच्या सपाट खोऱ्यात पश्चिमेला वळते. तिला मिळणारी हर्टफर्ड नदी तर फायलीजवळ अगदी किनाऱ्यालगत निघते आणि तीपण पश्चिमेलाच! शीट २ वर मी तिचा बाण पूर्वेला काढला होता, खरवडून परत काढला, तुम्ही ट्रेस करत असाल तर तिथे जपून.

झालं असं की हिमयुगात बर्फाने पूर्वेचं तोंड बुजवलं, पाणी तुंबून खोऱ्यात मोठं तळं झालं आणि ते किर्कमकडून बाहेर पडलं, भूगर्भशास्त्रज्ञ पर्सी केंडल यांनी १९०२ मध्ये हे मांडलं. बर्फ वितळला तरी त्याने टाकलेला माती-गोट्यांचा बांध राहिला, म्हणून नदी परत फिरलीच नाही. हे काढताना हाताला कळतं, माल्टनच्या वर कागद जवळजवळ कोरा आणि किर्कमला रेषा इतक्या दाटतात की ०.१ मिमीचं पेनसुद्धा जाड वाटतं. त्याच घळीत काठावर किर्कम प्रायरी ह्या जुन्या मठाचे अवशेष आणि नदीला धरून वळणं घेत जाणारी यॉर्क-स्कारबरो रेल्वे, तिघांना एका बोटाच्या जागेत बसवायला दोन संध्याकाळी गेल्या.

शीट १ वर सी कट राहिला होता तोही घातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विल्यम चॅपमन यांच्या आराखड्यावर खणलेला कालवा, पुराचं पाणी फोर्ज व्हॅलीच्या वरूनच स्कॅल्बीला समुद्रात सोडतो. अख्ख्या नकाशात मला सगळ्यात आवडलेली रेघ हीच.

पुढचं शीट स्टॅमफर्ड ब्रिज, १०६६ च्या लढाईचं, मग खाली बार्म्बीला ऊझ नदी मिळेपर्यंत हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी कुरणं, त्यांना तिकडे इंग्ज म्हणतात. ती निळ्या ठिपक्यांनी दाखवू की फिका वॉश (पातळ जलरंगाचा हात) देऊ? ट्रेसिंग पेपरवर वॉश दिलाय का कोणी, कागद आकसतो का ते सांगा.