तुम्ही विचारलंत म्हणून : फ्युएल सेल स्वतःच पाणी तयार करतो, मग त्याला बाहेरून ओलावा कशाला?

पॉलिमर मेम्ब्रेनच्या, म्हणजे मध्ये पॉलिमरचा पातळ पडदा असलेल्या, फ्युएल सेलवर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न हमखास येतो. एका बाजूने (ॲनोड) हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने (कॅथोड) हवा, हाती येते वीज आणि उरतं पाणी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग सेलच्या आधी वायूंना ओलावा देणारे दोन ह्युमिडिफायर का लावलेले असतात? आणि त्याच सेलबद्दल 'आत पाणी साचलं' अशी तक्रार का असते? प्रश्न रास्त आहे. सेलच्या आत काय कुठून कुठे जातं, यावरचं निम्मं संशोधन याच कोड्याभोवती फिरतं.

आधी हिशेब. प्रयोगशाळेतला २५ चौरस सेंटीमीटरचा सेल दर चौरस सेंटीमीटरला १ अँपिअरने चालवला, तर तासाला साधारण ८.४ ग्रॅम पाणी तयार होतं. पण ते सगळं तयार होतं कॅथोडच्या कॅटॅलिस्ट थरात, जिथे प्लॅटिनमवर रासायनिक क्रिया घडते, म्हणजे जेमतेम १० मायक्रॉन जाडीच्या पट्टीत. गरज मात्र अख्ख्या मेम्ब्रेनला असते, आणि सर्वांत जास्त ॲनोडच्या बाजूला.

ती का, हे नेफिऑनच्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या नेहमीच्या पॉलिमरच्या, रचनेत दडलं आहे. टेफ्लॉनसारखा कणा आणि त्याला लटकलेले सल्फोनिक आम्लाचे गट. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन निघून उरलेला प्रोटॉन पुढे सरकतो तो या गटांभोवती जमलेल्या पाण्यातून. एका गटामागे पाण्याचे किती रेणू, या आकड्याला आम्ही लॅम्डा म्हणतो. ३० अंशांच्या संपृक्त वाफेत लॅम्डा १४ च्या आसपास असतो आणि द्रव पाण्यात बुडवल्यावर २२ होतो. स्प्रिंगर, झावोडझिन्स्की आणि गॉटेसफेल्ड यांनी १९९१ मध्ये लॉस अलामोसहून दिलेलं वाहकतेचं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला पुरतं. ८० अंशांना लॅम्डा १४ असेल तर वाहकता सेंटीमीटरला ०.१२ सिमेन्स येते, लॅम्डा ३ वर उतरला की ०.०२. म्हणजे ५० मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमध्ये १ अँपिअरला ओल्या अवस्थेत ४० मिलिव्होल्ट जातात आणि सुकल्यावर २३० च्या घरात. अख्खा सेल देतो ०.६ ते ०.७ व्होल्ट. त्यातून एवढे गेले तर उरलं काय?

आता खरी मेख. ॲनोडकडून कॅथोडकडे निघालेला प्रोटॉन एकटा जात नाही, वाफेच्या समतोलातल्या मेम्ब्रेनमध्ये तो सोबत पाण्याचा साधारण एक रेणू ओढून नेतो. याला इलेक्ट्रो-ऑस्मॉटिक ड्रॅग म्हणतात. पाण्याचा एक रेणू तयार व्हायला दोन प्रोटॉन लागतात, म्हणजे जितकं पाणी तयार होतं त्याच्या दुप्पट पाणी ॲनोडकडून उपसलं जातं. कॅथोडकडे पाणी वाढलं की त्यातलं काही उलट पसरत ॲनोडकडे येतं. या दोन प्रवाहांतली ओढाताण मेम्ब्रेनच्या जाडीवर ठरते. १८० मायक्रॉनच्या नेफिऑन ११७ मध्ये परतीचा रस्ता लांब पडतो आणि करंट वाढवला की ॲनोडची बाजू सुकते. २५ मायक्रॉनवर हा त्रास पुष्कळच कमी होतो.

त्यात आत येणारी हवा कोरडी. पुण्यातली एप्रिलची दुपार घ्या : ३८ अंश, २० टक्के आर्द्रता. हीच हवा ७० अंशांच्या सेलमध्ये शिरली की तिची सापेक्ष आर्द्रता ४ टक्के होते. मुंबईची जुलैमधली २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवासुद्धा आत गेल्यावर ११ टक्क्यांवर येते. भर पावसाळ्यातली हवाही सेलच्या दृष्टीने रखरखीतच.

मग हवा संपृक्त करून सोडावी, तर त्याची किंमत मोजावी लागते. ८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४७ किलोपास्कल असतो. वातावरणाच्या दाबावर चालवलं तर जवळपास निम्मी जागा वाफच घेते आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ११ वर येतो. शिवाय तयार होणाऱ्या पाण्याला वाफ होऊन निघून जायला वाव राहत नाही. ते द्रवरूपाने, कॅटॅलिस्टपर्यंत वायू पोचवणाऱ्या कार्बन पेपरच्या छिद्रांत साचतं आणि ऑक्सिजनची वाट अडते. म्हणून त्या कागदाला ५ ते २० टक्के टेफ्लॉन देतात आणि कॅटॅलिस्टच्या बाजूला कार्बन ब्लॅकचा बारीक छिद्रांचा थर चढवतात.

सेल सुकला की बुडाला, हे नुसत्या व्होल्टेजवरून सांगू नये. दोन्हींत व्होल्टेज पडतंच. सोबत उच्च वारंवारतेचा (तेवढ्या वारंवारतेच्या एसी करंटने मोजलेला) सेलचा रोध आणि कॅथोडच्या दोन टोकांतला दाबाचा फरक बघावा. सुकताना व्होल्टेज सावकाश घसरतं, रोध चढत जातो आणि दाब जागचा हलत नाही. बुडताना रोध स्थिर राहतो, दाबाचा फरक वाढतो आणि व्होल्टेज करवतीच्या दात्यांसारखं वरखाली होतं : थेंब चॅनेल, म्हणजे प्लेटमधली हवेची खाच, अडवतो, ढकलला जातो, पुन्हा अडवतो. २५ चौरस सेंटीमीटरच्या चांगल्या सेलचा रोध २ ते २.५ मिलिओहमच असतो, तेव्हा मोजणी चार तारांनीच करा आणि व्होल्टेजच्या तारा थेट सेलच्या प्लेटना जोडा. नाहीतर तुम्ही क्लिपचा रोध मोजत बसाल.

सर्वांत जास्त फसवते ती ह्युमिडिफायर ते सेल ही नळी. ती दवबिंदूच्या ५ ते १० अंश वर तापलेली हवी. एखादा जोड उघडा राहिला तर तिथे वाफेचं पाणी होतं आणि थेंब सेलमध्ये पडतो. आलेखात बुडल्याची सगळी लक्षणं दिसतात आणि दोष मात्र बाहेर असतो. दुसरी जागा गॅस्केटची, म्हणजे कडेने गळती रोखणाऱ्या पट्टीची. १९० मायक्रॉनच्या कार्बन पेपरला १५० मायक्रॉनचं गॅस्केट दिलं तर कागद २० टक्क्यांच्या आसपास दाबला जातो, ते ठीक. त्याहून बरंच पातळ गॅस्केट घातलं तर छिद्रं मिटतात, जाड घातलं तर संपर्काचा रोध वाढतो.

ऑक्सिजन नेमका कुठे अडतो हे शोधायचं असेल तर हवेऐवजी नायट्रोजनमध्ये १ ते ४ टक्के ऑक्सिजन देऊन मर्यादा करंट, म्हणजे तेवढ्या ऑक्सिजनवर मिळू शकणारा कमाल करंट, मोजतात. ऑक्सिजन इतका पातळ का? करंट कमी, म्हणून पाणीही कमी, आणि साचलेल्या पाण्याचा गोंधळ मोजणीत शिरत नाही. हेच निरनिराळ्या दाबांवर करा. ऑक्सिजनच्या वाटेतल्या रोधाचा जो भाग दाबाबरोबर वाढतो तो चॅनेलचा आणि कागदाच्या मोठ्या छिद्रांचा. जो बदलत नाही तो बारीक छिद्रांचा आणि प्लॅटिनमवरच्या आयनोमरच्या (मेम्ब्रेनच्याच जातीच्या पॉलिमरच्या) पापुद्र्याचा. प्लॅटिनम दर चौरस सेंटीमीटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत उतरवलं की हा दुसरा भाग डोकं वर काढतो. आमच्या मते आज खरं काम याच पापुद्र्यावर व्हायला हवं.

तर बाहेरून ओलावा दिलाच पाहिजे का? नाही, आता तसं राहिलेलं नाही. टोयोटाने २०१४ च्या मिराईमध्ये बाहेरचा ह्युमिडिफायर काढून टाकला. पातळ मेम्ब्रेन, हवा आणि हायड्रोजन यांचे उलट दिशेचे प्रवाह आणि हायड्रोजन पुन्हा फिरवणारा पंप, यांच्या जोरावर कॅथोडचं पाणी ॲनोडला पोचतं. पण मेम्ब्रेन पातळ झालं की हायड्रोजनही त्यातून जास्त झिरपतो. तो मोजायला कॅथोडवर हवेऐवजी नायट्रोजन देऊन व्होल्टेज हळूहळू ०.५ पर्यंत चढवा. ०.३ च्या पुढे आलेख सपाट झाला तर तो करंट झिरपणाऱ्या हायड्रोजनचा. नव्या मेम्ब्रेनला तो दर चौरस सेंटीमीटरला १ ते ३ मिलिअँपिअर असतो. सपाट व्हायच्या जागी रेषा तिरकी चढत राहिली, तर मेम्ब्रेनमधून कार्बनचा तंतू आरपार गेलेला असतो आणि सेल आतून थोडा शॉर्ट असतो. अशा वेळी आर्द्रता कमीजास्त करत बसू नका, सेल उघडा आणि कागदाची कड बघा.