स्वस्तातलं पिस्तूल

परवा दुपारी ड्रायर लावला आणि आतून टण् टण् आवाज यायला लागला. बायकोने मशीन थांबवलं, कपडे उपसले आणि तळातून पितळेची एक पुंगळी काढून माझ्यासमोर धरली. ९ एमएमच्या गोळीची, रिकामी. नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या माणसाच्या पिस्तुलातून उडालेली पुंगळी कुठे पडेल याचा भरवसा नसतो. माझ्या शर्टाच्या खिशात पडली हे नशीबच. कॉलरमधून पाठीवर उतरली तर चटका बसून माणूस जागच्या जागी नाचतो, आणि हातात भरलेलं हत्यार असताना नाचायचं नसतं.

"पूर्वी खिशात सुट्टे पैसे तरी सापडायचे," ती म्हणाली.

माझं पिस्तूल हाय-पॉइंट कंपनीचं सी-९. कोलंबसहून क्लीव्हलंडकडे निघालं की आय-७१ महामार्गावर साधारण निम्म्या वाटेत मॅन्सफील्ड लागतं, तिथे ही कंपनी आहे. ओहायोत राहून स्थानिक माल घेतला, एवढंच माझं स्वदेशी. किंमत दोनशे डॉलरच्या आत. दहा-पंधरा खोकी गोळ्या उडवल्या की पिस्तुलाच्या किमतीएवढे पैसे धुरात जातात.

दिसायला हे प्रकरण ठोकळा आहे, त्याबद्दल दुमत नाही. रेंजवर काउंटरमागचा मुलगा ते बघून नेहमी हसतो, पण प्रेमाने हसतो. २०१९ साली कंपनीने नव्या पिस्तुलाला नाव सुचवा म्हणून लोकांनाच विचारलं, आणि लोकांनी धो धो मतं देऊन 'यीट कॅनन', म्हणजे 'भिरकावणारी तोफ', हे टवाळ नाव निवडून आणलं. कंपनी आधी जरा कचरली, मग तिनेही ते मिरवायला सुरुवात केली. ज्याची सगळे चेष्टा करतात ते बिनधास्त वापरता येतं. माझ्या लेनच्या दोन्ही बाजूंना लोक मखमली अस्तराच्या पेट्या उघडतात, हळूच फडकं फिरवतात, ओरखडा उठला तर हळहळतात. मी माझं प्लास्टिकच्या पेटीतून काढतो आणि सुरू होतो.

हा माझा जुना रोग आहे. महागाची वस्तू माझ्याकडून वापरलीच जात नाही. लग्नात मिळालेलं भारी पेन अजून डबीत आहे.

लहानपणी दिवाळीत कोल्हापुरात महाद्वार रोडवर टिकल्यांची पिस्तुलं मांडलेली असायची. मला नेहमी पत्र्याचं मिळायचं, सगळ्यात स्वस्त. मुंबईहून येणाऱ्या चुलतभावाकडे मात्र मुठीवर नक्षी असलेलं, जड, चकाकतं पिस्तूल असायचं. काकू ते त्याला तासभर द्यायच्या आणि पुन्हा खोक्यात घालून कपाटात ठेवायच्या. मी नरकचतुर्दशीला अंगाचं उटणं निघायच्या आत सुरू झालेला असायचो. लाल कागदाची ती गुंडाळी आत बसवायची, पट्टी वर ओढायची आणि चाप दाबायचा. निम्म्या वेळा कागद नुसताच सरकायचा, आवाज नाही. मग एकदम दोन टिकल्या एकत्र फुटायच्या आणि अंगठ्याला काळा डाग. पाडव्यापर्यंत पिस्तुलाचा रंग उडालेला, भाऊबीजेला स्प्रिंग मेलेली. मग उरलेली गुंडाळी पायरीवर ठेवून दगडाने टिकल्या फोडायच्या. चुलतभाऊ त्याचं कपाटातलं पिस्तूल सोडून माझ्या शेजारी दगड घेऊन बसायचा. तो वास मला अजून बसल्या जागी आणता येतो. रेंजवरचा वास तसा नसतो, बिनधुराच्या दारूचा असतो, पण नाक फार चौकशी करत नाही.

सी-९ बद्दल मला आवडतं ते त्याचं बेधडक ओबडधोबड डोकं. बहुतेक ९ एमएम पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात, थोड्या मागे सरकून मग सुटतात. त्याला नेमकं घडवलेलं पोलाद लागतं, म्हणजे पैसा. इथे ती भानगडच नाही. नळी जागेवर घट्ट, आणि वर जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली भली जाड स्लाइड. दाराची कडी मोडली म्हणून मागे पाटा लावून ठेवावा, तसं. स्फोटाने त्या वजनाला मागे ढकलेपर्यंत गोळी निघून गेलेली असते. ब्लोबॅक म्हणतात याला. म्हणून आठच गोळ्या मावणारं हे पिस्तूल रिकामंच आठशे ग्रॅमच्या वर भरतं, आणि तेही सगळं वरच्या अंगाला. साफ करायला खोलायचं तर हातोडी आणि पंच घेऊन एक पिन ठोकून काढावी लागते. शस्त्र खोलायला हातोडी! आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याला हे फार आवडलं असतं.

विकत घेणं मात्र दिवाळीच्या बाजाराइतकंच सोपं निघालं. इथे एच-१बी व्हिसावर असताना साधारणपणे बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा परवाना असला तर चालतं. त्यामुळे आयुष्यात उंदीरही न मारलेले आपले संगणकवाले शिकारीचा परवाना काढतात. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. तुम्ही फरारी आहात का, असा त्यात प्रश्न आहे. खाली होय आणि नाही असे चौकोन. होय कोण भरत असेल, या विचारात मी थोडा रेंगाळलो, तर दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. एफबीआयकडे चौकशी झाली, हिरवा कंदील आला, आणि मी पिशवी घेऊन बाहेर. कोल्हापुरात परवान्याची बंदूक असलेलं घर सगळ्या पेठेला माहीत असायचं. निवडणूक लागली की त्या घरचे आजोबा ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला निघत. आणि ९ एमएम तर तिकडे सामान्य माणसाला मिळतच नाही.

आईला फोनवर सांगितलं, रविवारी नेमबाजीला जातो. तिला आनंद झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ मिळवल्यापासून आमच्याकडे नेमबाजी म्हणजे अभ्यासाच्या खालोखाल पवित्र. "किती गुण पडतात तुला?" तिने विचारलं. मी विषय भाजीवर नेला. त्याचं लक्ष्य पन्नास मीटरवर असतं, माझं सात यार्डांवर, आणि तरीही कागदाचा कोपरा फाटतो.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. रेंजवर कागद मागितला की न विचारता माणसाच्या आकृतीचा देतात. काळं धड, काळं डोकं, छातीवर वर्तुळं. मी तो परत करतो आणि गोलवाला मागतो. काउंटरवरच्या मुलाला ही माझी लहर वाटते, किंमत तर दोन्हींची तीच. त्याला काय सांगणार? याच कंपनीची ९९५ नावाची एक कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक आहे, तशीच स्वस्त, तशीच ठोकळा. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा जी शस्त्रं आत गेली त्यात ती होती. गन शोमध्ये खासगी विक्रेत्याकडून घेतलेली, कसलीही चौकशी न होता. चौकोनसुद्धा भरावे लागले नव्हते. मला हे पिस्तूल घेतल्यानंतर कळलं. पिस्तूल मी विकलेलं नाही, रेंजवर जाणंही थांबवलेलं नाही, आणि तिथे मला मजा येते हेही खोटं नाही.

मागच्या खेपेला गोलवाले कागद संपले होते. मी माणसाचा घेतला, उलटा लावला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने एक गोल काढला. भोकं दोन्ही बाजूंना पडतात, ते कळतं मला.