दवाखान्याची वही : माझा अनुभव

आमचं गाव बीड जिल्ह्यात, वडवणीकडं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं ते उन्हाळ्यातच परत येतं. दोन वर्षांमागं सासूबाई फडावरून आल्या, चक्कर येत होती म्हणून दवाखान्यात नेलं, डॉक्टर विचारतात कोणती गोळी चालू होती, तर ह्या म्हणतात "पांढरी, बारकी". आता पांढरी बारकी म्हणजे काय समजायचं त्यांनी! कागद फडावरच्या कोपीतच, म्हणजे झोपडीतच, राहिले होते.

मी बचत गटाची सचिव, हिशोब लिहायची सवय, म्हणून आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेला, म्हटलं आपण घराघराचं दवाखान्याचं पण लिहून ठेवू. तिच्याकडं हजारभर माणसं, तिची रजिस्टरं तिलाच उरकत नाहीत. पहिल्यांदा मी एकच मोठं रजिस्टर केलं आणि तिथंच चुकले, कारण टोळ्या गेल्या कर्नाटकात आणि रजिस्टर बसलं माझ्या कपाटात. शिवाय बाया खरं सांगेनात. एक तर तोंडावर म्हणाली, "माय, मुकादमाला कळलं तर उचल देईल का त्यो?" बरोबरच होतं तिचं, मुकादम म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे तो आगाऊ देतो ते पैसे, आणि नवरा-बायको मिळून मजुरांची एक जोडी म्हणजे एक कोयता, बाई आजारी म्हटलं की कोयताच मोडला.

मग घरटी एक वही केली, रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत, ज्याची वही त्याच्याच घरात. बीपी, शुगर, गोळीचं नाव, लेकरांच्या लसी, गरोदर बाईचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. आशाताईनं सांगितलं बीपी वरचा 140 नाहीतर खालचा 90 च्या पुढं गेला तर लाल पेनानं गोल करायचा आणि परत मोजून घ्यायचा, एचबी गरोदरपणात 11 च्या खाली आलं तरी गोल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोल तर दिसतो. लिहायला घरातली शाळकरी पोरं. एकानं आजीचा बीपी 90/150 लिहिला, आशाताई हसून हसून बेजार, पण आकडे दर महिन्याला तपासायचं तेव्हापासनंच ठरलं.

सगळ्यात अवघड गेलं गर्भपिशवीचं पान. 2019 ला ऊसतोडीच्या बायांच्या गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनांवरनं बीड पेपरात गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली, ते सगळं ठीक, पण आमच्या गल्लीतल्या बायांना विचारलं की ऑपरेशन कामून केलं, नुसती पिशवी काढली का अंडाशय पण, तर कुणालाच सांगता येईना. पैसे किती गेले ते मात्र तोंडपाठ. कागद कुणाकडंच नाही. त्या पानावर मी नुसतं "कागद नाही" लिहिलं, सात घरांत तेच. आणि बायांनी ते पान स्टेपल करून टाकलं, डॉक्टरपुढंच उघडायचं म्हणून. मला आवडलं ते.

चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे मोबाईलवर दवाखान्याचे कागद ठेवायचं सरकारी खातं, ते पण काढून दिले काहींचे, पण फडावर रेंज नसते आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात, त्यामुळं वहीच बरी पडते.

यंदा एक लेकरू नऊ महिन्यांचं झालं तिकडंच, कारखान्याजवळ. आईनं वही आणि बाळाचं कार्ड दाखवलं, तिथल्या सिस्टरनं गोवर-रुबेलाची लस दिली आणि वहीत लिहून दिलं, सगळं कानडीत. गावात आल्यावर आम्ही चौघीजणी डोकं लावून बसलो, एक अक्षर लागेना. तारीख तेवढी आकड्यांत होती. आशाताईनं ती बघून आपल्या रजिस्टरला चढवली.