अरुणाच्या देवळाला मावळतीची गर्दी

बँकॉकला जायच्या आधीच भाचीकडे बँकॉकचे फोटो तयार होते. म्हणजे इतरांनी काढलेले. त्याच जागी, त्याच कोनात आता तिला उभं राहायचं होतं. दिवस चार, यादीत जागा ३१ आणि फोटो काढायला मी. मावशीपण होतंच, पण सहलीतली नेमणूक फोटोग्राफरची.

यादीत सगळ्यात वर वाट अरुण. ‘वाट’ म्हणजे देऊळ, विहार. आणि अरुण तर आपलाच, सूर्याचा सारथी. तिथले लोक त्याला वाट चेंग म्हणतात, त्याचाही अर्थ उजाडण्याशीच जाऊन भिडतो. १७६७ साली तिथली तेव्हाची राजधानी अयुथ्या पडली, त्यानंतर राजा ताकसिन नदीतून खाली येताना ऐन पहाटे इथे पोचला, अशी कथा सांगतात. मी आपलं सरळ म्हटलं, “मग पहाटेच जाऊ.”

“मावशी, तो सनसेटचा स्पॉट आहे.”

आणि तो खरंच तसा आहे. देऊळ चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर. समोरच्या काठावर ता तियेनचा धक्का आणि त्याच्या आसपास जुन्या घरांच्या गच्च्यांवर थाटलेली कॅफे. संध्याकाळी सूर्य देवळाच्या मागे उतरतो, आकाश केशरी होतं, शिखराची काळी आकृती उमटते आणि कठड्याशी बसलेले सगळे एकदम फोन उचलतात. आरतीला हात जोडले जावेत तसे. आम्हीही उचलले. फोटो झकास आला, नाही म्हणणार नाही. फक्त त्यात देऊळ नव्हतं, देवळाची सावली होती.

त्याच दुपारी आम्ही देवळात जाऊन आलो होतो, म्हणून ते जास्तच खटकलं. ते शिखर जवळून पाहिलं तर अख्खं चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. बशीचा काठ म्हणजे पाकळी, वाटीचा तुकडा म्हणजे पान. खालच्या थरांवर यक्ष आणि वानर खांदे देऊन उभे, वर कोनाड्यांत तीन तोंडांच्या ऐरावतावर इंद्र. हे सगळं मला पाहायचं होतं, पण पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळेल तर ना. आसपासच्या दुकानांत पारंपरिक थाई पोशाख भाड्याने मिळतात. ते नेसलेल्या राजकन्या दर तीन पायऱ्यांवर मान वळवून उभ्या होत्या, समोर त्यांचे फोटोग्राफर गुडघ्यावर. कोणाच्याही चौकटीत येऊ नये म्हणून मी इतकी वाकून चालत होते, की एखाद्या यक्षाला मी त्यांच्यातलीच वाटले असेन. अनेक देशांतल्या अनेक अल्बमांत माझी पाठ आता कायमची गेली आहे.

तलात नोई नावाच्या जुन्या वस्तीत यादीतली आणखी एक जागा होती. तिथे इंजिनांच्या सुट्या भागांचे तेलकट ढीग लागलेले, अरुंद गल्ल्या, आणि एका अंगणात गंजून सापळा झालेली जुनी फियाट. तिच्यापुढे रांग! आमच्या सोसायटीच्या आवारातही अशी एक फियाट कित्येक वर्षं पडून होती. ती हलवा म्हणून नोटिसा लागायच्या. रांग लावायचं कोणाला सुचलं नाही.

वाट पोमध्ये मात्र कॅमेऱ्याची चांगलीच जिरते. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. दालन त्याच्या मापाचं, मध्ये खांब. मागे सरकायला जागाच नाही. मग सगळे पायांकडच्या टोकाला गोळा होतात आणि तिथून अख्खी मूर्ती कशीबशी तिरकी पकडतात. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत, त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी. मूर्तीच्या पाठीमागे मात्र गर्दी पांगते. तिथे भिंतीलगत १०८ कांस्याची भांडी ओळीने मांडली आहेत. लोक एकेक नाणं टाकत पुढे जातात, आणि टण्ण, टण्ण, टण्ण असा आवाज दालनभर फिरत राहतो. चार दिवसांत भाचीने फोन खिशात घातला, तो फक्त तिथेच.

तिसऱ्या दिवशी मी एकटी उठले. अंधारातच ता तियेनला गेले. आदल्या संध्याकाळी गजबजलेल्या गच्च्या बंद, धक्क्यावर एक मांजर आणि मी. सूर्य माझ्या पाठीशी उगवत होता, उजेड नदी ओलांडून समोरच्या शिखरावर टेकला आणि वरून खाली उतरू लागला. काल काळं दिसलेलं शिखर आधी राखाडी, मग दुधी झालं, आणि मग त्यावरच्या बशा-वाट्यांचे तुकडे इथे-तिथे चमकायला लागले. मी फोन उचलला. नेमक्या त्याच क्षणी एक एवढीशी टग-बोट चार अजस्र बार्जांची माळ ओढत मध्ये आली. ती सरायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात उजेड रोजचा झाला.

तिथून चालत पाक ख्लोंगच्या फूलबाजारात गेले. हा बाजार रात्रभर जागा असतो, खरी उलाढाल उजाडायच्या आत. पारदर्शक पिशव्यांत आकारानुसार निवडलेला झेंडू, बर्फाजवळ ठेवलेल्या मोगऱ्यासारख्या कळ्या. नाकाने विचारलं असतं तर मी दादरला आहे असंच सांगितलं असतं. फक्त ऑर्किडचे गठ्ठे दिसले की शहर बदलायचं. एक मावशी हार ओवत होत्या. इथल्या हाराला म्हणतात पुआंग मालय, त्यातला ‘मालय’ म्हणजे आपली माला. मी फोन दाखवून खुणेने विचारलं, काढू का? त्यांनी हाराकडे बोट दाखवलं. आधी गिऱ्हाईक हो, मग पाहुणी. बरोबरच आहे. भल्या पहाटे दादरला कोणी नुसताच कॅमेरा घेऊन आलं असतं, तर आपल्या मावशींनी काय काय ऐकवलं असतं! मी हार घेतला. मग त्यांनी पदर नसतानाही पदर सारखा केल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला आणि ऐटीत बसल्या. सुट्टे परत मिळाले त्यात दहा बाटचं नाणं होतं. त्यावर वाट अरुण.

हॉटेलवर भाची नुकतीच उठली होती. फोटो बघून म्हणाली, “हा तर बोटीचा फोटो आहे.”

“देऊळ मागे आहे.”

“कुठे?”

मी नाणं तळहातावर ठेवून पुढे केलं. तिने उलटसुलट करून पाहिलं, माझ्या हातात परत ठेवलं आणि उशीखालचा फोन काढला.

“हात जरा खिडकीकडे धर, मावशी. हार पण घे. नाही, त्या हातात नाही.”