सीपीयूचं सोवळं

आमच्या घरी कॉम्प्युटर चालू करायचा एक विधी होता. आधी घरभर ओरडून सांगायचं, "चालू करतेय, मिक्सर लावू नका!" मग मागे पेन ड्राइव्ह राहिलेला नाही ना ते बघायचं. यूपीएसचं बटण दाबून मनात दहापर्यंत मोजायचं. मग सीपीयूचं बटण. पहिल्या वेळी नुसताच पंखा गरगरून थांबायचा, दुसऱ्या वेळीही तेच, तिसऱ्या वेळी दिवा टिकायचा. थंडीत तिनाचे पाच व्हायचे. (सीपीयू म्हणजे आतली ती चौकोनी चकती, अख्खी पेटी नव्हे, हे मुलाने मला शंभरदा सांगितलंय. आमच्या डोंबिवलीत पेटीलाच सीपीयू म्हणतात. दुकानदारसुद्धा.)

पावसाळ्यात आणखी एक कलम वाढायचं. बटण दाबल्यावर 'पीं... पीं...' सुरू झालं की रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, कोरड्या कापडाने पुसायची आणि दोन्ही बाजूंनी 'टक्' वाजेपर्यंत परत दाबायची. शिट्ट्या मोजायचं खातं घरात आधीपासून माझ्याकडेच असल्यामुळे हे कामही माझ्याकडे आलं.

हे सगळं बसून कोणी ठरवलं नव्हतं. प्रत्येक कलमामागे एकेक बिघडलेला दिवस होता. काही वर्षांपूर्वी एकदा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि गाडी तिथेच अडली. नवऱ्याने मागच्या सगळ्या वायरी खुपसून पाहिल्या, मुलाने पेन ड्राइव्ह उपटला, सासूबाईंनी "तापला असेल हो" म्हणून टेबल फॅन त्याच्या तोंडावर लावला, मी यूपीएस बंद करून दहा आकडे मोजले. चालू झाला. आता गुण कोणाच्या हाताचा? चौघांनीही श्रेय घेतलं. भांडण नको म्हणून त्या दिवसापासून चारही गोष्टी रोज करायच्या असं ठरलं. विधीचं हे असंच असतं. त्यात भर पडते, वजाबाकी कधी होत नाही. एखादी गोष्ट वगळून बघायची म्हटलं तर धीर लागतो, आणि महिनाअखेरीला सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायच्या असताना तो कोणाकडे असतो?

मूळ शोधायचं तर आणखी मागे जावं लागेल. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली, मी केली २००४ मध्ये. क्लासच्या दारात चपलांचा ढीग असायचा. आत एसी, पडदे ओढलेले, सगळे दबक्या आवाजात बोलणार. मला पहिले दोन दिवस उगाचच नमस्कार करावासा वाटत होता. चपला बाहेर ठेवायचं कारण साधं होतं, धूळ. पण कारण कोणी सांगितलं नाही, फक्त "चपला बाहेर" असं सांगितलं. मग घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सासऱ्यांनी जुन्या पडद्याचा अभ्रा शिवून घेतला. रात्री मॉनिटरला एक, सीपीयूला एक. देवघराचा पडदा एक वेळ राहील, पण हा ओढायचाच.

सध्याचा, म्हणजे ज्याची ही कथा आहे तो, दुसरा. २०१४ मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून जुळवून आणलेला. इंटेलची आय-थ्री चकती, चौथी पिढी, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल चढून इकडच्या बाजूला, तिथून डोंबिवली. नवऱ्याने खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. विंडोज ७ होती. पुढे विंडोज १० वर्षभर फुकट मिळतेय म्हटल्यावर तीही घेतली, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर चालू होईतो आल्याचा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायला लागला.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. "विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपतोय" अशी पाटी पडद्यावर कित्येक महिने येत होती आणि आम्ही ती माशी उडवल्यासारखी उडवत होतो. नवरा सोसायटीच्या हिशेबात मान खाली घालून बसलेला. स्वयंपाकघरात शंकरपाळ्यांची तयारी. सासूबाईंनी साखर मिक्सरमध्ये घातली आणि विचारायला विसरल्या. घर्र झालं आणि पडदा काळा.

मग तिसरी वेळ, पाचवी, अकरावी. पंखा गरगरायचा, थांबायचा. खोडरबर झाला, फॅन झाला, दहाऐवजी वीस मोजून झाले. सासूबाई पिठीसाखरेच्या हातांनी दारात उभ्या, चेहऱ्यावर सोवळं मोडल्याचा अपराध. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि काय बदललंस ते लिहून ठेव." तो हे सांगेपर्यंत आम्ही पाच गोष्टी बदलल्या होत्या.

सोमवारी रिपेअरचा मुलगा आला. पंचविशीचा असेल, पाठीवर सॅक. आमचं सगळं निवेदन त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पेटी आडवी केली. मला वाटलं हा काहीतरी लावेल. याने काढायलाच सुरुवात केली. हार्ड डिस्कची वायर काढली, डीव्हीडीची काढली, पुढच्या यूएसबीची काढली. उरलं काय, तर मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. समोरच्या बटणाच्याही वायरी काढल्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिथल्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवल्या. पंखा गरगरला, थांबला. तो खूश झाला. "बरं झालं. एवढ्यातच आहे."

मग सॅकमधून त्याने स्वतःचा एसएमपीएस काढला, खात्रीचा, सेलोटेप लावलेला. पेटीबाहेर वर्तमानपत्रावरच ठेवून जोडला. पिना टेकवल्या. दिवा लागला आणि टिकला. आम्ही तिघांनी "हां!" केलं. त्याने आमच्याकडे लक्षही दिलं नाही. पुन्हा आमचा जुना एसएमपीएस जोडला. बंद. पुन्हा स्वतःचा. चालू.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"एकदा चालू झाला तर योगायोग असेल, काकू. जुना लावून परत बिघडायला पाहिजे. मग पक्कं."

आमच्या अकरा वर्षांच्या कर्मकांडावर यापेक्षा सभ्य शब्दांत टीका होऊ शकली नसती. बिघडवून बघायचं आमच्यापैकी कोणाला कधी सुचलंच नव्हतं.

जुन्या एसएमपीएसच्या जाळीतून त्याने मोबाइलचा टॉर्च मारून दाखवला. आत छोटे डबीसारखे कपॅसिटर. माथा सपाट हवा, तर दोघांचा फुगून टम्म. घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणं हे या डब्याचं काम. कपॅसिटर आतून सुकत आले की थंड असताना ते काम धड होत नाही, थोडे तापले की जमतं. "तिसऱ्या वेळेला चालू होत नव्हता काकू, तापल्यावर होत होता." नवरा तो डबा उघडायला निघाला तेव्हा मात्र त्याने झटकन हात धरला. आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

एकदा सुरुवात झाल्यावर मी सगळीच कलमं त्याच्यासमोर मांडली. मिक्सरचं? मिक्सर सुरू होताना एकदम जोरात करंट ओढतो, आमच्या जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज खाली बसतं, यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, आणि बॅटरी कधीचीच मेलेली. असल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षं टिकतात. आमची पाच वर्षं नुसती वजनाला होती. पेन ड्राइव्हचं? कॉम्प्युटर विंडोज आधी यूएसबीवर शोधतो, तिथे सापडत नाही, अडून बसतो. एक सेटिंग बदललं की झालं. टेबल फॅनचं? प्रोसेसरवरच्या पंख्याखाली गोधडीत भरता येईल एवढी धूळ निघाली. सासूबाईंचं निदान बरोबर होतं आणि त्यांनी ते त्याच्यासमोर दोनदा वदवून घेतलं. मधूनच तारीख २०१३ च्या जानेवारीत जायची आणि बँकेची साइट उघडायला नकार द्यायची, त्याला मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल कारण. सीआर २०३२. त्या नावात त्याचं मापच आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२, हे कळल्यावर मला कोडं सुटल्यासारखा आनंद झाला. खोडरबरसुद्धा मान्य झाला, पण जपून. दमट हवेने चढलेल्या थराबरोबर तो सोन्याचा मुलामाही थोडा थोडा नेतो.

"आणि दहापर्यंत मोजायचं?"

तो हसला. "त्याला काही नाही, काकू."

एवढ्यावर संपलं असतं तर साडेआठशेत भागलं असतं. पण हार्ड डिस्क परत जोडल्यावर त्याने कान पुढे केला. टक्. थोडं थांबून, टक्. आम्हाला तो आवाज इतक्या सवयीचा झाला होता की भिंतीवरचं घड्याळ वाटायचं. त्याने एक छोटा प्रोग्रॅम चालवला, पिवळ्या चौकोनात 'सावधान' आलं. मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या त्या चकत्यांवर काही जागा खराब झाल्या की डिस्क त्यांच्या बदल्यात राखीव जागा वापरते. आमची राखीव शिल्लक संपत आली होती.

"फॉरमॅट मारून चालेल?" नवऱ्याचा हुकमी प्रश्न.

"आधी डेटा काढा. फॉरमॅट नको, स्कॅन नको. हिला जेवढं कमी पळवाल तेवढं बरं. काय काय आहे?"

फोटो फोनमध्ये होते. हिशेब सोसायटीच्या मेलवर. मग सासूबाई म्हणाल्या, "यांची फाइल."

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर सात पिढ्यांची नावं, गावं, कोण कुठे दिलं, सगळं एका बोटाने टाइप केलं होतं, शिवाजी फॉन्टमध्ये. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, त्या मुलाच्या लॅपटॉपवर उघडली, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची कोशिंबीर. त्या जुन्या फॉन्टांमध्ये अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त वरून मराठी मुखवटा चढवतो. म्हणजे फाइल वाचवून उपयोग नाही, मुखवटाही वाचवायला हवा. तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये होता, आणि फोल्डर डळमळत्या डिस्कवर. तेवढा एक कॉपी व्हायला चार मिनिटं लागली. चौघंही गप्प होतो. नंतर पुण्याहून आमच्या मुलाने ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, करून पाठवली. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरांवरच्या वेलांट्या आणि रफार भलत्याच घरी गेले होते. सासूबाई लाल पेन घेऊन भाऊबीजेपर्यंत वेलांट्या माहेरी पोचवत होत्या.

आता प्रश्न, ठेवायचा की बदलायचा. एसएमपीएस ८५०, यूपीएसची बॅटरी ९५०, सेल ४०, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी २३००. एकूण ४१४०. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात तो वाऱ्यासारखा पळेल. आणि पळालाही असता, हे मला मान्य आहे. पण विंडोज ११ त्याला घेत नाही. तिला इंटेलची आठव्या पिढीपासूनची चकती लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. आमची पिढी चौथी. माझा राग यावरच आहे. मशीन थकलं म्हणून नाही, तर रेशनच्या यादीत नाव नाही म्हणून परत पाठवल्यासारखं. विंडोज १० ला नोंदणी करून सुरक्षेच्या अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, हे कळल्यावर नवऱ्याला हुरूप आला. आमचा मुलगा म्हणाला, विंडोज काढून फुकटातली लिनक्स टाका. सासूबाई म्हणाल्या, "पेन्शन त्यावरच बघता ना? मग उसनवारी नको."

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. नवीन घ्यावा तर रॅमचे भाव ऐकून नवरा खुर्चीत बसला. दुकानदार म्हणाला, रोज वाढतायत, सोन्यासारखे. शेवटी कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, आठव्या पिढीचा, आठ जीबीचा एक घेतला, साडेचौदा हजारांना. मॉनिटर जुनाच, कीबोर्ड जुनाच, यूपीएस जुना पण बॅटरी नवी. पेटी एवढीशी, जाडजूड शब्दकोशाएवढी. सासऱ्यांचा अभ्रा तिच्यावर लहान बाळाला मोठ्याचं झबलं घातल्यासारखा लोळतो. सासूबाई म्हणाल्या, दुमडून टीप मारते.

पहिल्यांदा चालू करायची वेळ आली. मी यूपीएसचं बटण दाबलं. आतून हाक आली, "मिक्सर लावू का ग?"

"लावा ना," म्हटलं. "आता काही होत नाही."

आत शांतता. मीही बोट बटणाजवळ नेऊन थांबले होते.

"तुझं मोजून होऊ दे," त्या म्हणाल्या.

मी सातवर होते.