पानी, पाणी आणि फुलराणी: तालमीची नोंदवही

काम असं आहे. ‘माय फेअर लेडी’ ही इंग्रजी संगीतिका आणि पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ शेजारीशेजारी ठेवून वाचायची, आणि मग दोन्हींच्या मुळाशी असलेल्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून परभणीकडच्या बोलीतला, गाण्यांसकट विनोदी प्रयोग उभा करायचा. गोष्ट एकच: उच्चारशास्त्राचा प्राध्यापक (शॉकडे हिगिन्स) एका फुलं विकणाऱ्या मुलीला (शॉकडे इलायझा, पु. लं.कडे मंजुळा) शुद्ध बोलायला शिकवतो. मराठवाड्यातल्या ज्या हौशी मंडळींना असं काही बसवायचं असेल त्यांच्यासाठी आतापर्यंतच्या नोंदी खाली दिल्या आहेत. काय जमलं, काय फसलं आणि का, ते सगळं त्यात आहे.

आधी हक्कांचं

तालमीला हात घालण्याआधी हे बघून घ्या. शॉ 1950 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे ‘पिग्मॅलियन’ 2011 पासून मोकळं आहे. ‘माय फेअर लेडी’चे गीतकार लर्नर 1986 मध्ये गेले आणि संगीतकार लोवे 1988 मध्ये. म्हणजे ती गाणी आणि चाली परवानगीशिवाय घेता येत नाहीत, मराठी शब्द घातले तरी नाही. पु. लं.चं निधन 2000 सालचं, म्हणून ‘ती फुलराणी’तलं एक वाक्यसुद्धा हक्कदारांना न विचारता उचलायचं नाही.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. इलायझाच्या उच्चारसरावाचं ‘द रेन इन स्पेन…’ हे स्पेनच्या पावसाचं प्रसिद्ध वाक्य शॉच्या मूळ नाटकात नाही. ते 1938 च्या चित्रपटातून आलं आणि तिथून संगीतिकेत गेलं. ‘शॉ मोकळा आहे ना’ म्हणून ते वाक्य घेतलं तर चूक होईल. आपलं वाक्य आपणच रचायचं, आणि खरं तर त्यातच या कामाची गोडी आहे. संहिता पक्की झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा अर्ज लगेच टाका. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

तुलना: हसू कुठून येतं?

‘पिग्मॅलियन’ पहिल्यांदा 1913 मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झालं, लंडनमध्ये 1914 मध्ये. आपल्या नाटकाची संगीतिका होऊ द्यायला शॉ शेवटपर्यंत तयार नव्हते. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून झालेल्या ‘द चॉकलेट सोल्जर’चा त्यांना मनस्वी राग होता. म्हणून ‘माय फेअर लेडी’ त्यांच्या पश्चात, 15 मार्च 1956 ला न्यूयॉर्कमध्ये आली आणि 2,717 प्रयोग चालली. ‘ती फुलराणी’ 1975 ची. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक अजून लोकांच्या तोंडी आहेत.

इंग्रजीत इलायझाची गोची मुख्यतः स्वरांत आहे. ‘रेन’चं ‘राइन’ आणि ‘स्पेन’चं ‘स्पाइन’. स्वर लांबवता येतो, त्यावर सूर ठेवता येतो. म्हणून उच्चार सुधारला की गाणं आपोआप उभं राहतं. ‘रेन इन स्पेन’ हे गाणं म्हणजे सुधारलेला स्वरच आहे.

मराठीत गोची व्यंजनात आहे. ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांत सुराला धरायला काहीच नाही. फरक जिभेच्या टोकाचा, तोही निमिषभराचा. म्हणून इंग्रजी गाण्याच्या जागी मराठी गाणं ठेवलं की प्रसंग सपाट पडतो. पु. लं.नी हे नेमकं ओळखलं होतं, असं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे मंजुळेचं प्राध्यापकावरच्या सूडाचं स्वगत पुन्हापुन्हा वाचल्यावर ठाम वाटतं. संगीतिकेत त्याच्या जोडीला ‘जस्ट यू वेट’ हे गाणं आहे. तिथं वाद्यवृंद आहे, इलायझाच्या कल्पनेतल्या राजाचा प्रसंग आला की लष्करी चाल येते, गोळीबाराचे हुकूम येतात. पु. लं.च्या स्वगतात वाद्यवृंदाचं सगळं काम यमकं करतात आणि नटीचा श्वास करतो. अनुवादाची तडजोड म्हणून त्याच्याकडे पाहू नका. मराठीत गाणं कुठं राहतं ते ओळखून केलेली ती रचना आहे.

बोली कोणती? एकच

पहिल्या खर्ड्यात सगळ्यात मोठी चूक इथं झाली. नायिका एका वाक्यात ‘काय करायलास’ म्हणत होती (परभणी-नांदेडकडची), दुसऱ्यात ‘करूलालास’ (लातूरकडची), आणि तिसऱ्यात ‘करून राहिला’, जे थेट विदर्भातलं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते ‘गावाकडचं’ म्हणून खपेल, पण लातूर-परभणीचा प्रेक्षक तिसऱ्या वाक्याला ओळखतो की ही बाई कुठलीच नाही. आता सगळी संहिता ‘करायलो, करायले, करायलेत’ यावर आणली आहे.

दुसरी दुरुस्ती ‘ळ’ची. ‘काया’, ‘डोया’ असे उच्चार खर्ड्यात शिरले होते. ते वऱ्हाड-खानदेशाकडचे. आपल्याकडे ‘ळ’ शाबूत असतो. ‘शाळा’चं ‘साळा’ होतं, ‘वेळ’चं ‘येळ’ होतं, ‘ळ’ जागचा हलत नाही. तेव्हा नायिकेला ‘ळ’ शिकवण्याचा सगळा प्रवेश काढून टाकला. शिकवायचं ते ‘ण’, ‘श’, शब्दारंभीचा ‘व’ आणि ‘दूद-बगा-आट’ यांतला गळालेला महाप्राण, म्हणजे ‘ध’, ‘घ’, ‘ठ’ यांतली श्वासाची फुंकर.

सरावाचं वाक्य

‘न’ आणि ‘ण’ अशा जोड्या हव्यात की अक्षर बदललं तर अर्थ बदलेल. तन-तण, मन-मण, घन-घण. शेतकरी घरातल्या मुलीला तण, मण आणि घण हे शब्द रोजचे, म्हणून ते तिच्या तोंडी शोभतात. यातून हे बांधलं:

तणात तन अन् मणात मन
घणाचा घाव, गरजे घन

मात्रा मोजा. ‘तणात तन अन्’ 8, ‘मणात मन’ 6 आणि 2 रिकाम्या. ‘घणाचा घाव’ 8, ‘गरजे घन’ 6 आणि 2 रिकाम्या. केरव्याची, म्हणजे आठ मात्रांच्या तालाची, चार आवर्तनं नीट भरतात. रिकाम्या दोन मात्रा मुद्दाम ठेवल्या आहेत, त्यात सरांची ‘हं!’ किंवा ‘पुन्हा!’ बसते. अर्थाकडे फार बघायचं नाही. स्पेनच्या पावसालाही फारसा अर्थ नव्हता.

गाताना ‘ण’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, लांबवू नका. जीभ मागं वळलेली असताना सूर कोंडतो आणि नटी पुढचा स्वर घाईनं पकडते. ‘तणात’ म्हणताना ‘णा’तला ‘आ’ धरायचा, ‘ण’ फक्त स्पर्शून सोडायचा.

खरा विनोद मात्र बरोबर उच्चारात नाही, अतिदुरुस्तीत आहे. ‘ण’ नवीन शिकलेला माणूस तो सगळीकडे लावतो: ‘मणात आलं’, ‘राणात गेले’, ‘धण्यवाद’. म्हणून शिकवणीचा प्रवेश तीन पायऱ्यांत लिहिला. आधी सगळे ‘न’, मग सगळे ‘ण’, मग बरोबर. मधली पायरी एका पानापेक्षा लांबवू नका. दीड पान झालं की प्रेक्षक पुढचा विनोद आधीच ओळखतो.

प्रयोगशाळेतलं सामान

शॉनं हिगिन्सच्या प्रयोगशाळेचं बारकाईनं वर्णन केलं आहे: फोनोग्राफ आणि मेणाच्या नळ्या, स्वरयंत्र बघायचा आरसा, छोट्या ऑर्गन नळ्यांची रांग, ज्योतींसाठी दिव्याच्या काचा, ट्यूनिंग फोर्क, आणि उभं कापलेलं माणसाचं अर्धं डोकं. यातल्या दोनच वस्तू आपल्या कामाच्या.

पहिली, ज्योत. इंग्रजीत गळालेल्या ‘ह’साठी ती चालते, मराठीत महाप्राणासाठी त्याहून चांगली. पण सभागृहात उघडी ज्योत बहुधा चालू देत नाहीत आणि पंख्यानं ती तशीही हलते. त्याऐवजी टिश्यू कागदाची 2 सेंटिमीटर रुंद, 12 सेंटिमीटर लांब पट्टी ओठांपासून 5-6 सेंटिमीटरवर धरा. ‘प’ला ती जेमतेम हलते. ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’ला उडते. दात ओठावर टेकवून ‘फ’ म्हटला तर उडत नाही, नुसती वाकून राहते. ‘दूध’ आणि ‘आठ’ यांत महाप्राण शेवटी असल्यानं फुंकर फार क्षीण येते. तिथं ‘दुधात’, ‘आठात’ म्हणायला लावा, पुढं स्वर आला की पट्टी हलते. पहिल्या तालमीत ‘दूद’ आणि ‘दूध’ दोन्हींना पट्टी ढिम्म राहिली, त्याचं कारण हेच.

दुसरी, कापलेलं डोकं. ‘न-ण’ला पट्टी उपयोगाची नाही, दोन्हींना ती स्वस्थ असते. इथं जीभ दाखवावीच लागते. 25 मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलवर दोन फूट बाय अडीच फूट आकाराचा छेद काढला. जीभ लाल रेक्झिनची, आत फोम आणि जाड तार, तार मागच्या बाजूनं बाहेर. सर मागून तार ढकलतात: ‘न’ला टोक दातांमागं, ‘ण’ला टोक वळून टाळूकडं. पहिल्या जिभेत बारीक तार होती, ती दहाव्या-बाराव्या वळणाला तुटली. छत्रीची काडी घातल्यावर प्रश्न सुटला.

तालमीपुरती आणखी एक युक्ती आहे, भाषाशास्त्रज्ञ ती वापरतात. खाण्यायोग्य कोळशाची पूड चार थेंब तेलात कालवून मऊ ब्रशनं जिभेच्या टोकाला, वर आणि खालूनही लावायची. एकदाच ‘मन’ म्हणायचं आणि दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा तोंडात धरून टाळू बघायचा. चूळ भरून पुन्हा तसंच ‘मण’साठी. ‘मन’ला काळा डाग दातांच्या मागं, ‘मण’ला तो सरकून आत. शब्द ‘मन-मण’च घ्या. ‘तन-तण’ घेतले तर ‘त’चाही डाग पडतो आणि काही कळत नाही. नटीला आपली जीभ कुठं लागते ते एकदा दिसलं की नुसतं ऐकवून आठवडाभरात न होणारं काम तासात होतं.

हळदीकुंकू

संगीतिकेत ॲस्कॉटच्या शर्यतीचा प्रवेश आहे. उच्चभ्रू मंडळी ताठ चेहऱ्यानं ‘किती रोमांचक’ असं गातात आणि तेवढ्यात इलायझा घोड्याला शिवी देऊन ओरडते. मूळ नाटकात हा प्रसंग हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात घडतो. छत्रपती संभाजीनगरातल्या बंगल्यातलं हळदीकुंकू त्याच्या जवळ जातं. बायका मापून बोलतात, वाण मापून देतात.

शॉची कारागिरी इथं बघण्यासारखी आहे: इलायझाचा उच्चार निर्दोष, व्याकरण आणि विषय मात्र जुनेच. मराठवाडी क्रियापद यासाठी अगदी सोयीचं. सुरुवातीला ‘पानी आनायले’, या प्रवेशात ‘पाणी आणायले’, शेवटच्या अंकात ‘पाणी आणते आहे’. ‘ण’ लखलखीत आणि क्रियापद गावाकडचं. नायिकेचं वाक्य सध्या असं आहे:

“आत्याबाई तापानं गेल्या असं सगळे म्हणायलेत. पण मला विचाराल तर म्हातारीला मारलंय. तिची कानातली फुलं कोणाच्या पेटीत निघाली?”

‘म्हणायलेत’मधला ‘ण’ इथं घसरला तर सगळा प्रवेश गेला. मग लोक तिच्या उच्चाराला हसतात, विसंगतीला नाही. या वाक्याची तालीम रोज, सगळ्यात आधी, नटीचं तोंड ताजं असताना.

धड्याच्या जागी ववी

सूडाच्या प्रसंगाला पु. लं.चं स्वगत घ्यायचं नाही, संगीतिकेची चालही नाही. मग जात्यावरची ओवी घेतली. एकटी बाई, पहाट, मनातलं सगळं जात्याला सांगायचं, आणि लय हातातच आहे:

पयली माझी ववी गं, सराच्या पुस्तकाला
दुसरी माझी ववी गं, त्याच्याच मस्तकाला

जात्याच्या एका फेऱ्याला 4 मात्रा. लय मिनिटाला 120 मात्रांची धरली तर फेरा 2 सेकंदांचा येतो. ओवी वाढत जाते तशी लय चढवायचा मोह होतो, पण खोटं जातं जोरात फिरवलं की त्याचं हलकेपण उघडं पडतं. लय तीच ठेवून आवाज खाली न्या, धमकी जास्त लागते. खरं दगडी जातं दोघांनी उचलावं लागतं, प्रवेश बदलताना वेळ जातो. म्हणून रंगमंचावर हलकं जातं आणि विंगेत पाटा-वरवंटा, मूठभर कोरडी ज्वारी, जवळ माइक. वरवंटा ओढणाऱ्यानं नटीच्या हाताकडं बघायचं, तबल्याकडं नाही. पहिल्यांदा तो तबल्यामागं गेला आणि घरघर अर्धा फेरा मागं पडली.

बापाचं भारूड

इलायझाचा बाप डूलिटल हिगिन्सकडे पाच पौंड मागतो, आणि दहा देऊ केले तर नाकारतो, कारण जास्त पैसा माणसाला जपून वागायला लावतो. हा तर्क भारुडातच बसतो, आणि पैठणच्या नाथांच्या मुलखात त्यासाठी लांब जायला नको. सध्याचं वाक्य: “धा हजार आले का मानूस हिसोबी होतंय, सर. पाचच द्या, उद्यापस्तोर संपतेत.” बापाचे ‘न’ शेवटपर्यंत ‘न’च राहतात, त्याला कुणी शिकवत नाही. मुलीचा ‘ण’ त्याच्यासमोर उठून दिसतो.

एकतारी आणि टाळ पुरतात. लग्नाच्या वरातीला हलगी हवी, पण हलगी शब्द खाऊन टाकते. ओळ चालू असताना हलगी बंद, दोन ओळींच्या मध्ये फक्त 8 मात्रांचा तुकडा. पावसाळी हवेत कातडं सैलावतं. बाहेर शेकून प्रवेशाच्या दहा मिनिटं आधीच आत आणा, फार आधी शेकली तर विंगेत बसून पुन्हा उतरते.

सध्या अडलेलं

प्राध्यापकाची गाणी. न्यूयॉर्कच्या प्रयोगात रेक्स हॅरिसन गायक नव्हते, ते लयीत बोलत. आपलाही नट तसाच, पण तो दर वेळी समेवर बोलायला लागतो आणि सोळाव्या मात्रेच्या आधी संपतो. कालपासून दुसऱ्या मात्रेवर सुरुवात करून पाहतो आहोत. चार ओळींपैकी तीन बसल्या. चौथीत ‘व्याकरण’ हा शब्द आहे, तो समेवर येतो आणि ‘ण’ तिथंच अडकतो. तो शब्द ओळीच्या सुरुवातीला नेऊन पुन्हा मात्रा मोजायच्या आहेत.